लेगिंग्ज धुण्याविषयी आणि वाळवण्याविषयी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

लेगिंग गुडघ्यांवर सैल पडली, कमरेशी ढिली झाली किंवा पूर्वीसारखी मऊ राहिली नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांशी सविस्तर बोलल्यावर बहुधा असे दिसते की कापड अंगावर वापरून खराब झालेले नसते. ते बादलीत आणि वलणीवर खराब झालेले असते. म्हणून खरेदीसोबत हे पत्रक देण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे. कृपया पहिल्या धुण्यापूर्वी ते वाचावे.

आमच्याकडे तीन प्रकारच्या लेगिंग्ज मिळतात: रोजच्या वापरासाठी सुती, कुर्त्याखाली झुळझुळीत दिसणाऱ्या व्हिस्कोसच्या आणि व्यायामासाठी नायलॉनच्या. तिन्हींमध्ये मुख्य धाग्याबरोबर ताणला जाणारा एक बारीक धागा विणलेला असतो. बाजारात त्याला सरसकट लायक्रा म्हणतात. लेबलवर तो इलॅस्टेन किंवा स्पॅन्डेक्स या नावाने लिहिलेला आढळेल. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने शोधलेला हा धागा आपल्या मूळ लांबीच्या पाचपटीहून अधिक ताणला जातो आणि सोडल्यावर पुन्हा जागेवर येतो. सुती लेगिंगमध्ये त्याचे प्रमाण साधारण ५ टक्के असते, पण लेगिंग अंगाला नेमकी बसते ती त्या ५ टक्क्यांमुळेच. घाम किंवा धूळ त्याला लगेच मारत नाही. त्याचे खरे शत्रू म्हणजे उष्णता, क्लोरीनयुक्त ब्लीच आणि ओल्या अवस्थेत दिलेली जोरदार ओढ. पुढील सर्व सूचना या एकाच कारणासाठी आहेत.

धुताना

लेगिंग उलटी करून धुवावी. घाम आणि त्वचेचा तेलकटपणा आतल्या बाजूने लागलेला असतो, त्यामुळे तीच बाजू साबणाच्या पाण्यात मोकळी असणे योग्य. शिवाय दर्शनी बाजूवर घर्षण कमी होऊन बारीक गोळे धरत नाहीत. पाणी गार किंवा फार तर कोमट, म्हणजे ३० अंशांच्या आसपास असावे. गीझरमधून थेट बादलीत सोडलेले पाणी ५० अंशांच्या वर असू शकते आणि थंडीच्या दिवसांत हात पोळू नयेत म्हणून त्यात जेमतेम गार पाणी मिसळले जाते. हाताला ऊबदार वाटणारे ते पाणी या धाग्याला मात्र मानवत नाही.

एक-दोन लेगिंग्जसाठी अर्धी बादली पाणी आणि एक चहाचा चमचा सौम्य द्रव साबण पुरतो. लेगिंग दहा-पंधरा मिनिटे भिजवून हातांनी दाबत-सोडत धुवावी. साबणाची वडी घासणे, ब्रश मारणे, दगडावर आपटणे आणि धोपाटण्याने धोपटणे हे चादरींना चालेल, लेगिंगला चालणार नाही. रात्रभर भिजत ठेवल्याने ती अधिक स्वच्छ होत नाही, उलट गडद रंग सुटतो. धुण्याचा सोडा आणि ब्लीच तर अजिबात वापरू नये. पांढऱ्या लेगिंगला ब्लीच लावल्यास ती उजळण्याऐवजी पिवळसर पडते आणि कमरेचा ताण जातो.

मशीनमध्ये धुवायची असल्यास जाळीच्या पिशवीत घालून नाजूक कपड्यांच्या सायकलवर धुवावी. त्याच फेरीत जीन्स, चेन असलेली जॅकेट किंवा मागे हुक असलेली अंतर्वस्त्रे टाकू नयेत. अनेक घरांत असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टाकीला आपण ड्रायर म्हणतो, परंतु ती टाकी केवळ फिरवून पाणी काढते, उष्णता देत नाही. त्यामुळे त्यात लेगिंग मिनिटभर फिरवण्यास हरकत नाही. हाताने पीळ देण्यापेक्षा ते कितीतरी बरे. गरम हवेच्या खऱ्या ड्रायरमध्ये मात्र ती कधीही घालू नये.

पाण्याविषयी थोडे अधिक

लेगिंग कडक झाली की ग्राहक प्रथम फॅब्रिक कंडिशनर आणतात. आमच्या मते हा उपाय चुकीच्या दुखण्यावर आहे. पुण्यात ज्यांच्याकडे खडकवासल्याचे नळाचे पाणी येते त्यांच्याकडून ही तक्रार आमच्याकडे क्वचितच येते. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या उपनगरांतील सोसायट्यांमधून ती वारंवार येते. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. साबण त्यांच्याशी मिसळून चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यांवर बसून कापड खरखरीत होते. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर आपले पाणी जड आहे असे समजावे. अशा वेळी साबण वाढवण्याचा मोह होतो, पण साबणाच्या वडीऐवजी द्रव साबण वापरावा, स्वच्छ पाण्यातून एक वेळ जास्त खळबळावे आणि शेवटच्या बादलीत पाव वाटी पांढरे व्हिनेगर घालावे. वाळल्यावर त्याचा वास राहत नाही. कंडिशनरचा थर धाग्यांवर बसल्याने कापडाची घाम शोषण्याची क्षमता कमी होते. त्यामुळे व्यायामाच्या लेगिंगला तर तो लावूच नये.

रंगासाठी पहिल्या धुण्यात मीठ घालावे, अशी समजूत घरोघर आहे. कापड रंगवताना मिठाचा उपयोग होतो हे खरे, परंतु रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाच्या पाण्याने पक्का होत नाही. गडद लाल, जांभळ्या आणि काळ्या लेगिंग्ज पहिल्या दोन-तीन वेळा वेगळ्या व गार पाण्यात धुणे एवढाच भरवशाचा उपाय आहे.

वाळवताना

निम्म्याहून अधिक नुकसान येथे होते. धुऊन झाल्यावर लेगिंगला पीळ देऊ नये. घरातला जुना पंचा किंवा टॉवेल पसरून त्यावर ती सरळ ठेवावी, गुंडाळी करावी आणि तळहातांनी दाबावी. बरेचसे पाणी टॉवेलमध्ये उतरते. व्हिस्कोसच्या लेगिंगला ही काळजी अवश्य घ्यावी, कारण ओले व्हिस्कोस कोरड्याच्या जवळपास निम्म्याच ताकदीचे असते. सूत ओले झाल्यावर दुबळे होत नाही, म्हणून सुती लेगिंग थोडा हलगर्जीपणा सोसते. तरीही निथळती लेगिंग कमरेला चिमटे लावून टांगली की पाणी घोट्यांकडे उतरते, त्या वजनाने पाय लांब होतात आणि कमरपट्टीवर चिमट्यांचे ठसे राहतात. ती स्टँडवर आडवी पसरावी. तेवढी जागा नसल्यास गॅलरीतल्या दांडीवर मध्यावर दुमडून, कमर एका बाजूस आणि पाय दुसऱ्या बाजूस येतील अशी टाकावी. लोखंडी तार असल्यास आधी पुसून पाहावी, कारण गंजाचा डाग साबणाने निघत नाही.

जागा सावलीची आणि वाऱ्याची असावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या घरात गेलेला असताना गच्चीवर लेगिंग तासाभरात वाळते, हे सोयीचे असले तरी रंग आणि ताण दोन्ही त्या उन्हात लवकर जातात. पावसाळ्यात अडचण उलटी असते. आषाढ-श्रावणात दोन दिवस कपडे दमट राहून कुबट वास येऊ लागला, की लेगिंग फ्रिजच्या मागे टाकली जाते किंवा ओलसर असतानाच तिच्यावर इस्त्री फिरवली जाते. याच दिवसांत ढोल-ताशा पथकांचे सराव चालू असल्याने अनेक मुलींना तीच काळी लेगिंग दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हवी असते. त्यांना आमचे सांगणे असे की सरावाहून आल्यावर घामट लेगिंग पिशवीत तशीच न ठेवता लगेच साध्या पाण्यातून काढावी, टॉवेलमध्ये दाबावी आणि रात्री पंख्याखाली पसरावी. सकाळपर्यंत ती बहुतेक वाळलेली असते. दोन लेगिंग्ज आलटून-पालटून वापरणे अधिक चांगले, आणि हे आम्ही केवळ विक्रीसाठी म्हणत नाही: एक दिवस विश्रांती मिळाल्यास ताणलेले कापड पूर्ववत होते.

टेकडीवरून आल्यावर

पावसाळा सरल्यावर वेताळ टेकडी, तळजाई किंवा सिंहगडाच्या पायवाटेने जाणाऱ्यांच्या लेगिंगला गवताची कुसळे हमखास चिकटतात. ती तशीच ठेवून धुतल्यास कापडात अधिक खोल रुततात. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात. त्यामुळे शेपटीकडून ओढल्यास ते धागाही सोबत घेऊन येते. लेगिंग उलटी करून आत आलेले टोक चिमट्याने पकडावे आणि कुसळ ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने पुढे ओढून काढावे. काम कंटाळवाणे आहे, पण कापडाला ओरखडा राहत नाही. चिखल लागला असल्यास तो आधी पूर्ण वाळू द्यावा, झटकावा आणि मग धुवावे.

पैंजण आणि जोडवी यांनीही धागे ओढले जातात. लेगिंग घालताना पावलावर पातळ मोजा चढवल्यास पाय सहज सरकतो. ओढला गेलेला धागा कापू नये. जाड सुईने तो आतल्या बाजूस घ्यावा.

लेगिंगला इस्त्रीची गरज सहसा नसते. करायचीच असल्यास लेबलवरील एका टिंबाच्या खुणेप्रमाणे, म्हणजे ११० अंशांपर्यंत, उलट बाजूने करावी. लेबलवर चौकोनात आडवी रेघ असल्यास कपडा आडवा पसरून वाळवावा आणि चौकोनाच्या कोपऱ्यात तिरप्या रेघा असल्यास सावलीत वाळवावा, असा अर्थ आहे. लेबल टोचत असल्यास ते कापण्यापूर्वी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा.

लेगिंग ताणल्यावर पृष्ठभागावर चमकदार पांढरट केसांसारखी टोके दिसू लागली, तर आतील लायक्रा तुटला आहे असे समजावे. त्यावर उपाय नाही आणि तशी लेगिंग दुरुस्तीसाठी आम्ही घेत नाही. केवळ कमरेचे इलॅस्टिक सैल झाले असेल किंवा शिवण उसवली असेल, तर मात्र ती धुऊन, वाळवून दुकानात आणावी. आमच्याकडून घेतलेल्या लेगिंगचे इलॅस्टिक आम्ही साहित्याच्या खर्चात बदलून देतो आणि उसवलेली शिवण विनामूल्य घालून देतो.