सह्याद्रीतील देवराईला कायदेशीर संरक्षण: पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्तावाची प्रक्रिया

आपल्या गावच्या देवराईला किंवा डोंगरातील रानाला कायद्याचे संरक्षण मिळावे असे वाटणाऱ्या ग्रामस्थांनी पहिला अर्ज लिहिण्यापूर्वी त्या जमिनीचा सातबारा काढावा, कारण कोणता मार्ग खुला आहे हे बहुतांशी जमिनीच्या मालकीवर ठरते.

जमीन शासनाच्या मालकीची असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३६अ नुसार राज्य शासन स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून ती ‘संवर्धन राखीव’ म्हणून घोषित करू शकते. अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पट्ट्यांचा कायद्यात खास उल्लेख आहे. दोडामार्ग तालुक्यातील तिलारीचे राखीव क्षेत्र, जे २०२० मध्ये घोषित झाले, याच प्रकारातले आहे. जमीन खासगी किंवा गावाच्या सामूहिक मालकीची असेल आणि मालक स्वेच्छेने पुढे येत असतील, तर कलम ३६क नुसार ‘समुदाय राखीव’ होऊ शकते. येथे एक अट नीट समजून घ्यावी: अधिसूचना निघाल्यानंतर त्या राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. कोकणात सामाईक खाती फार, आणि निम्मे खातेदार मुंबईला. त्यामुळे सर्वांची लेखी संमती मिळवणे हेच बहुधा सर्वांत वेळखाऊ काम ठरते.

क्षेत्र लहान पण वैशिष्ट्यपूर्ण असेल, तर जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ खालील ‘जैवविविधता वारसा स्थळ’ हा तिसरा पर्याय मला अधिक सोयीचा वाटतो. आंबोलीतील हिरण्यकेशीच्या उगमाजवळचे अवघे २.११ हेक्टर क्षेत्र तेथे सापडलेल्या माशाच्या नव्या प्रजातीसाठी २०२१ मध्ये असे घोषित झाले. प्रदेशनिष्ठ (केवळ त्या प्रदेशातच आढळणाऱ्या) किंवा दुर्मीळ प्रजाती, पिकांचे रानटी पूर्वज, सांस्कृतिक महत्त्व यांपैकी एखादा निकषही पुरेसा ठरू शकतो. गुरे चारणे, देवाचे वार्षिक कार्य यांसारख्या रूढ वहिवाटींवर स्थानिकांनी स्वतः मान्य केलेल्या निर्बंधांपलीकडे बंधने घालू नयेत, असे याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

वारसा स्थळाचा प्रस्ताव गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवावा. अधिसूचना राज्य शासन काढते. राखीव क्षेत्राबाबत मात्र वन विभागाशी, म्हणजे प्रथम स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी, संपर्क साधावा.

मार्ग कोणताही असो, ग्रामसभेचा ठराव, सातबारा व आठ-अ उतारे, गट नकाशा, सीमांचे अक्षांश-रेखांश, लोक जैवविविधता नोंदवहीतील (गावातील जैवविविधतेच्या नोंदींची वही) संबंधित पाने, प्रजातींची छायाचित्रांसह यादी आणि व्यवस्थापनाचा कच्चा आराखडा एवढे कागद तयार ठेवावेत. ठरावात गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा स्पष्ट लिहाव्यात. ‘देवळामागचे रान’ एवढ्याने भागत नाही. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ रकान्यात देवस्थान, कुळ किंवा बँकेचा बोजा यांची नोंद असल्यास तिचा खुलासा प्रस्तावातच करावा, तसेच वनहक्क कायद्याखालील दावे प्रलंबित असल्यास त्यांची सद्यःस्थिती नमूद करावी.