जड क्लच वेगळा, झटका देणारा क्लच वेगळा

मॅन्युअल स्पोर्ट्स कारला परफॉर्मन्स क्लच, म्हणजे जास्त ताकद पेलणारा क्लच, बसवायचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच: नको, फार हार्ड असतो, रोज चालवणं मुश्कील होतं. या एका तक्रारीत दोन तक्रारी मिसळलेल्या असतात. पेडल दाबताना पायाला जोर लागतो, ही पहिली. पेडल सोडताना गाडी थरथरते किंवा धक्क्याने उठते, ही दुसरी. पहिलीचं कारण बहुतेक वेळा प्रेशर प्लेटमध्ये (स्प्रिंगच्या जोराने दाबून धरणारा भाग) असतं, दुसरीचं क्लच प्लेटमध्ये (तिच्या दाबाखाली घासून पकडणारी चकती). दोन्ही भाग एकाच खोक्यात, एकाच किमतीला मिळतात, म्हणून त्यांचे गुणदोषही एकच समजले जातात. असं समजून खरेदी केली की नको तो त्रास विकत घेतला जातो.

मुळात क्लच बदलायची वेळ का येते? 2012 साली आलेली टोयोटा जीटी86 घ्या. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, 200 पीएस (हॉर्सपॉवरसारखं एकक) ताकद आणि 205 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. कंपनीचा क्लच हा टॉर्क आरामात पेलतो. त्याच इंजिनाला टर्बो किंवा सुपरचार्जर बसवला की टॉर्क बराच वाढतो, आणि वरच्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की आरपीएम चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही. क्लच घसरायला लागला. क्लचला इंजिनाच्या पीएसशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त टॉर्क पेलायचा असतो.

क्लच किती टॉर्क पेलेल याचा हिशेब चार गोष्टींवर बसतो: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणाच्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. एका प्लेटला दोन बाजू. समजण्यापुरते आकडे धरू: गुणांक 0.3, दाब 6000 न्यूटन, त्रिज्या 0.09 मीटर, बाजू 2. गुणाकार येतो 324 न्यूटन-मीटर. आता दाब 8000 करा, येतील 432. किंवा दाब तसाच ठेवून गुणांक 0.4 करा, तरीही 432 च येतात. जाहिरातीत दोन्ही क्लचची क्षमता सारखीच छापलेली असेल, पण चालवताना त्या दोन गाड्या एकमेकींच्या ओळखीच्या वाटणार नाहीत.

दाब वाढवला म्हणजे प्रेशर प्लेटची डायफ्रॅम स्प्रिंग जास्त ताकदीची बसवली. ती मागे ढकलायचं काम तुमचा पाय करतो. कोंडीत तासभर अडकलात तर मांडी भरून येते. पण गाडी उठताना मात्र ती जवळपास पूर्वीसारखीच गुळगुळीत उठते, कारण प्लेटवरचं घासणारं अस्तर तेच ऑरगॅनिक, म्हणजे साध्या गाड्यांतलं तंतू आणि रेझिनचं, असतं. याची खरी किंमत पायापलीकडे मोजावी लागते. पेडल दाबलेलं असताना रिलीज बेअरिंग, क्लच फोर्क, हायड्रॉलिक सिलिंडरचे सील आणि क्रँकशाफ्टचे थ्रस्ट बेअरिंग या सगळ्यांवर तो वाढीव भार येतो. म्हणून जड क्लचच्या गाडीत सिग्नलला पेडल दाबून बसू नये, न्यूट्रल करून पाय काढावा.

गुणांक वाढवला म्हणजे अस्तर बदललं. सिरॅमिक किंवा सिंटर्ड धातूचे तुकडे, ज्यांना पक म्हणतात, ते पूर्ण गोल पट्ट्याऐवजी प्लेटवर तीन, चार किंवा सहा बसवलेले असतात. साध्या प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मध्ये लहरदार पत्रा असतो. तो थोडा दबतो आणि पकड हळूहळू येते. पक प्लेटमध्ये बहुतेकदा ही उशी नसते, म्हणून अर्धा क्लच धरायला जागाच उरत नाही: एक तर सुटलेला, नाहीतर धरलेला. चढावर गाडी थरथर कापते. पेडल मात्र हलकंच राहू शकतं. पक लहान म्हणून पकड कमी, हा समजही चुकीचा आहे. वरच्या हिशेबात क्षेत्रफळ कुठेच नाही. क्षेत्रफळ कमी असल्याने उष्णता आणि झीज कमी जागेत एकवटते, आणि प्लेट हलकी झाल्याने गिअर पटकन पडतो.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी चाचणी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा. जड क्लच तेव्हाही जडच लागतो. झटका मात्र गाडी हलल्याशिवाय कळत नाही. पण पेडल पूर्वी हलकं होतं आणि आता जड झालं असेल, तर जुन्या क्लचची प्लेट झिजल्यानेही तसं होतं. जीटी86 मध्ये पेडलपाशीच एक मदतीची स्प्रिंग असते. काहीजण ती बदलून पेडलचा अंदाज सुधारतात, क्लचला हातही न लावता.

कंपन्या क्लचला देतात त्या स्टेज 1, स्टेज 2 या नावांवर विसंबू नका, त्यांना कुठलंही सामाईक प्रमाण नाही. जपानच्या एक्सेडीचं स्टेज 1 म्हणजे ऑरगॅनिक आणि स्टेज 2 म्हणजे सिरॅमिक-धातू, पण दुसऱ्या कंपनीचं स्टेज 2 तसंच असेल असं नाही. अमेरिकेच्या एसीटीची पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते: प्रेशर प्लेटचं नाव वेगळं, एचडी किंवा एक्सटी, आणि प्लेटचं नाव वेगळं. काय घेतोय ते लगेच कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा टॉर्क वीस-तीस टक्क्यांनी वाढला असेल तर थोडी जड प्रेशर प्लेट आणि मध्यभागी स्प्रिंग असलेली ऑरगॅनिक प्लेट घ्या. रीमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) आपल्याकडच्या टर्बो पेट्रोल गाड्यांनाही हेच लागू पडतं. पाय सवयीने तयार होतो, पण पार्किंगमध्ये रोज बसणारे धक्के गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सहन करत राहतात. पक प्लेट ट्रॅकसाठी ठेवा. तिथे ती वाढत्या उष्णतेतही पकड सोडत नाही, ऑरगॅनिक सोडते. टॉर्क दुप्पट झाला असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर दोन प्लेटचा क्लच उत्तम, कारण घासणाऱ्या बाजू चार होतात आणि दाब किंवा अस्तर टोकाला न्यावं लागत नाही. न्यूट्रलमध्ये तो खडखडतो, तेवढं चालवून घ्यावं.

क्लचसोबत हलकं फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं फिरतं चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) बसवलं असेल तर आणखी एक गोंधळ होतो. फिरतं वजन कमी झाल्याने गाडी उचलताना आरपीएम झपकन पडतो, इंजिन बंद पडतं, आणि दोष नव्या प्लेटला दिला जातो. नवी ऑरगॅनिक प्लेटही पहिले काही दिवस थोडी थरथरू शकते. बरेच उत्पादक सुमारे 800 किलोमीटर शहरात, गिअर बदलत, शांतपणे चालवायला सांगतात. हायवेवरचे किलोमीटर यात धरायचे नाहीत, कारण तिथे क्लच घासतच नाही.