मेरुरज्जूच्या दुखापतीनंतरचे मूत्राशयविकार आणि ॲक्युपंक्चर

मेरुरज्जूला इजा झाल्यावर मूत्राशयावरचा मेंदूचा ताबा सुटतो. त्यातून उद्भवणाऱ्या विकारांवर शरीरातील ठरावीक बिंदूंत बारीक सुया टोचून, बहुधा त्या सुयांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून केला जाणारा ॲक्युपंक्चर हा पूरक उपचार आहे. तो नळीने लघवी काढण्याच्या नित्यक्रमाची किंवा औषधांची जागा घेत नाही. त्याच्या उपयुक्ततेबद्दलचा पुरावा आशादायक असला तरी अजून कच्चा आहे.

निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात सुमारे 400 ते 500 मिलिलिटर लघवी साठते. साठवणीच्या काळात मूत्राशयाचा स्नायू सैल आणि तोंडाशी असलेला परिसंकोची स्नायू आवळलेला असतो, तर लघवी करताना हा क्रम उलटतो. या अदलाबदलीचा मेळ मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कसेतूतील केंद्र घालते आणि त्याचे हुकूम मेरुरज्जूतून त्याच्या अगदी खालच्या, म्हणजे त्रिक भागातील दुसऱ्या ते चौथ्या खंडांपर्यंत पोहोचतात. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मूत्राशय बहुधा निपचित पडते. पुढे मात्र इजा कोठे झाली यावर सारे अवलंबून असते. ती त्रिक खंडांच्या वर असेल, तर मूत्राशय आपल्या मर्जीने आकुंचन पावू लागते आणि त्याच वेळी परिसंकोचीही आवळला जातो. बंद दारावर आतून धक्के बसावेत तसा दाब वाढत जातो आणि लघवी उलट मूत्रपिंडांकडे चढू शकते. इजा त्रिक खंडांनाच झाली असेल, तर मूत्राशय ढिल्या पिशवीसारखे राहते आणि भरून ओसंडते.

येथे एक शारीररचनेची बाब लक्षात ठेवावी लागते. मेरुरज्जू पाठकण्याच्या टोकापर्यंत जात नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्यामुळे छातीचा बारावा किंवा कमरेचा पहिला मणका मोडला, तरी मार थेट त्रिक खंडांवर बसतो. उंचावरून पडलेल्या माणसाचा मणका बहुधा याच सांध्यात मोडतो. सोलापूर जिल्ह्यासारख्या भागात चिंचेच्या झाडावरून, विहिरीत किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या रुग्णाबाबत ‘कितवा मणका’ एवढेच सांगून मूत्राशयाचा प्रकार ठरत नाही. त्यासाठी मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक मुख्य कारण मूत्रपिंडे निकामी होणे हे होते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे 1944 मध्ये लुडविग गुटमन यांनी उभारलेल्या केंद्राने ठरावीक वेळी निर्जंतुक नळी घालण्याची शिस्त रुजवली. पुढे 1972 मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडेस यांनी नळी निर्जंतुक नसली, केवळ स्वच्छ असली तरी चालते, असे दाखवून दिले. या एका बदलामुळे साबणाने हात धुऊन घरच्या घरी दर चार ते सहा तासांनी नळी घालणे रुग्णाच्या हाती आले. आजच्या उपचाराचा पाया तोच आहे. त्याच्या जोडीला मूत्राशय शांत करणारी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिनसारखी औषधे, मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनम विषाची इंजेक्शने आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया असतात.

चिनी परंपरेत लघवी अडणे व लघवी न आवरणे या दोन्हींसाठी जे बिंदू वापरतात, त्यांतील त्रिकास्थीवरचे, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावरचे, आठ बिंदू विशेष महत्त्वाचे आहेत. ‘बालियाओ’ या नावाने ओळखले जाणारे हे बिंदू त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंच्या चार-चार छिद्रांवर येतात आणि त्याच छिद्रांतून त्रिक तंत्रिका बाहेर पडतात. आधुनिक मूत्रविज्ञानात त्रिक तंत्रिकेला विजेने चेतवण्यासाठी इलेक्ट्रोड बसवतात तोही बहुधा तिसऱ्या छिद्रातच. पायाच्या आतल्या घोट्यापासून सुमारे चार बोटे वर असलेला ‘सानयिनच्याव’ हा बिंदूही असाच बोलका आहे. त्याच्या खोलवर पश्चजंघा तंत्रिका जाते आणि अतिक्रियाशील मूत्राशयासाठी आज प्रचलित असलेली, आठवड्यातून एकदा अशी 12 आठवडे अर्धा-अर्धा तास चालणारी सुईची विद्युत्चेतना त्याच परिसरात दिली जाते. एडवर्ड मॅकग्वायर यांनी 1983 मध्ये या तंत्रिकेवर प्रयोग केले, तेव्हा प्रेरणा ॲक्युपंक्चरच्या बिंदूचीच होती. ‘ची’ ही जीवनशक्ती शरीरातील मार्गिकांतून वाहते, ही मूळ उपपत्ती मानली नाही, तरी सुई कोठे टोचायची याबाबत जुन्या वैद्यांचा अनुभव तंत्रिकांच्या नकाशाशी जुळतो, आणि या उपचाराची सर्वांत भक्कम बाजू हीच आहे.

ती बाजू सगळीकडे सारखी भक्कम नाही. त्रिक खंड शाबूत असतील तर तेथील प्रतिक्षेप मंडलावर, म्हणजे मेंदूला न विचारता मूत्राशय हलवणाऱ्या तंत्रिकांच्या साखळीवर, सुईचा परिणाम होऊन मूत्राशयाची अवेळी आकुंचने दबणे कल्पनेत बसते. ते मंडलच तुटले असेल तर सुई कशाला चेतवणार, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही. तैवानमधील एका पथकाने 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक चाचणीत नळीच्या जोडीला ओटीपोटावरील व त्रिकास्थीवरील बिंदूंत विद्युत्-ॲक्युपंक्चर दिले. त्या रुग्णांचे मूत्राशय संतुलित अवस्थेला, म्हणजे फारशी लघवी मागे न ठेवता रिकामे होण्याच्या स्थितीला, येण्यास कमी दिवस लागले आणि दुखापतीनंतर तीन आठवड्यांच्या आत सुरुवात झालेल्यांना अधिक लाभ झाला, असा निष्कर्ष निघाला. मात्र त्या काळात मूत्राशयात आपोआपही बदल होत असतात, त्यामुळे अशा लहान चाचण्यांवर किती भार टाकावा याला मर्यादा आहे. चीनमध्ये 504 स्त्रियांवर झालेली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी खोकताना-शिंकताना लघवी गळण्यासंबंधी होती. तिचा दाखला मणक्याच्या रुग्णाला देणे चूक ठरेल.

पूर्ण इजेच्या, म्हणजे इजेच्या खाली काहीच संवेदना न उरलेल्या, रुग्णाबाबत आणखी एक पेच आहे. सुई योग्य जागी गेल्याची खूण म्हणून परंपरेत रुग्णाला जाणवणारी जड, मुंग्या आल्यासारखी संवेदना धरतात, आणि कमरेखाली बधिर झालेल्या माणसाला ती जाणवतच नाही. याची दुसरी बाजू अशी की खरी सुई आणि खोटी सुई यांतला फरकही त्याला कळत नाही. म्हणजे निःपक्ष चाचणीला हा गट एरवीच्या रुग्णांपेक्षा अधिक सोयीचा ठरावा.

सोलापूरचा या विषयाशी एक आडवळणाचा संबंध आहे. येथे 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तेथेच निवर्तले. त्यांचे घर शहरात स्मारक म्हणून जपले आहे आणि लुधियानातील एका ॲक्युपंक्चर रुग्णालयाला त्यांचे नाव आहे, त्यामुळे ही विद्या त्यांनीच भारतात आणली असा समज होऊ शकतो. कोटणीस शल्यचिकित्सक होते. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांना दिले जाते; त्यांनी 1959 च्या सुमारास कोलकात्यात या उपचाराला सुरुवात केली. केंद्र शासनाने 2003 मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून परवानगी दिली आणि 2019 मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी 2015 चा अधिनियम आहे.

धोके थोडे, पण या रुग्णांत वेगळे आहेत. मेरुरज्जूच्या छातीतील सहाव्या खंडात किंवा त्याच्या वर इजा असेल, तर भरलेले मूत्राशय किंवा कमरेखालची कोणतीही तीव्र चेतना रक्तदाब एकदम भडकवू शकते. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, घाम फुटणे ही त्याची चिन्हे. म्हणून सिटिंगपूर्वी मूत्राशय रिकामे करणे इष्ट. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना किंवा हृदयात पेसमेकर असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुया व वीज घेऊ नये. बधिर कातडीवर शेक किंवा तापदिवा लावल्यास भाजल्याचे रुग्णाला कळत नाही, आणि अशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा नळीच्या वेळा सांभाळण्यासाठी पाणी कमी पिण्याकडे रुग्णांचा कल होऊ शकतो. त्याने खडे आणि जंतुसंसर्ग यांची शक्यता वाढते. उपचाराने कपडे कोरडे राहू लागले, तर ते समाधानाचे आहे, पण तेवढ्यावर नळी सोडता येत नाही. गळती थांबलेल्या मूत्राशयातही आतला दाब जास्त असू शकतो. गळती सुरू होताना तो पाण्याच्या 40 सेंटिमीटरपेक्षा अधिक भरत असेल, तर मूत्रपिंडांना धोका मानतात. हा आकडा सुई टोचणाऱ्याला नाडीवरून कळत नाही. म्हणून सिटिंग चालू असोत वा बंद, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन आणि नळीने निघालेल्या लघवीचे मोजमाप लिहिलेली वही चालूच ठेवावी लागते.