कॉर्डलेस हत्यारांची बॅटरी : प्लॅटफॉर्म आणि व्होल्टेजची निवड

ड्रिल, ग्राइंडर, इम्पॅक्ट (झटके देत स्क्रू घट्ट करणारा ड्रायव्हर), कटर अशी वेगवेगळी कॉर्डलेस हत्यारे एकाच घाटाच्या, काढता-घालता येणाऱ्या बॅटरीवर चालतात, तेव्हा ती बॅटरी, तिचा चार्जर आणि ती सगळी हत्यारे मिळून एक प्लॅटफॉर्म होतो. एका प्लॅटफॉर्मची बॅटरी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. म्हणून पहिली खरेदी नुसत्या ड्रिलची वाटली, तरी तिच्याबरोबर पुढच्या अनेक वर्षांच्या हत्यारांचे घराणे ठरून जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असो की आणखी कुठे, दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘किती व्होल्टची?’ हाच असतो. प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. आत सेल किती आहेत आणि ही बॅटरी आणखी कशाकशाला बसते, हे दोन प्रश्न त्याच्या आधी यायला हवेत.

लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब (व्होल्टेज) ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचा ४.२ व्होल्ट असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तेच पाच सेल मीटरवर २१ पर्यंत जातात. डिवॉल्ट या हत्यार-कंपनीची एकाच जातीची बॅटरी युरोपात १८ व्होल्ट आणि अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकली जाते, ती यामुळेच. तीन सेलची बॅटरी १०.८ किंवा १२ व्होल्टची, दहाची ३६ किंवा ४० ची आणि पंधराची ५४ किंवा ६० ची म्हणवली जाते. १८ हा आकडा मात्र लिथियमच्या आधीचा. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिला कॉर्डलेस ड्रिल आणला, तो निकेल-कॅडमियम बॅटरीवर. त्या जातीचा सेल १.२ व्होल्टचा, पुढे त्याचे पंधरा सेल जोडून १८ व्होल्ट मिळवत. २००५ च्या सुमारास लिथियमची दणकट हत्यारे बाजारात आली, तेव्हा तेच १८ व्होल्ट पाच सेलांत मिळू लागले. वजन उतरले, आकडा राहिला.

१८ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-तासांची (ॲम्पिअर-तास हे साठ्याचे माप) बॅटरी चार स्क्रू काढून उघडली, तर बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे दहा सेल दोन थरांत दिसतात. निकेलच्या पातळ पट्ट्या त्यांच्या टोकांना स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात आणि वर एक छोटा सर्किट बोर्ड. २ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत याच मापाचे पाचच सेल. आता २१ बाय ७० मिलिमीटरचे जाड सेलही आले आहेत. त्यांच्या पाचांत ४ ॲम्पिअर-तास निघतात.

सेलांची ही मोजणी का करायची, ते ग्राइंडरवर कळते. चार इंची ग्राइंडर जाड अँगल कापताना ८०० वॅट ओढतो असे धरू. १८ व्होल्टवर त्याला सुमारे ४४ ॲम्पिअर लागतात. पाच सेलांच्या बॅटरीत हा सगळा प्रवाह प्रत्येक सेलमधून जातो. सेल तापतो, दाब कोसळतो आणि बोर्ड हत्यार बंद पाडतो. दहा सेलांच्या बॅटरीत पाच-पाच सेलांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात, म्हणून व्होल्ट १८ च राहतात, पण तोच भार वाटला जाऊन सेलमागे २२ ॲम्पिअर होतो आणि चकती चालत राहते. ‘ड्रिलला चालणारी बॅटरी ग्राइंडरला दम टाकते’ ही तक्रार बहुतेक वेळा हत्याराची नसते, एका रांगेच्या बॅटरीची असते. साठ्याचाही हिशेब करावा. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-तास. सलग ८०० वॅटवर ते पावणेसात मिनिटांत संपतात. स्क्रू मारण्याच्या कामाला हीच बॅटरी दिवसभर पुरू शकते, कारण प्रत्येक स्क्रूचे काम दोन-तीन सेकंदांचे असते.

व्होल्ट वाढवले की ताकद वाढते, ही समजूत अर्धीच खरी आहे. १८ व्होल्टची ५ ॲम्पिअर-तासांची आणि ३६ व्होल्टची २.५ ॲम्पिअर-तासांची, दोन्ही बॅटऱ्यांत दहाच सेल आणि ऊर्जा ९० वॅट-तासच. सेलवरचा भारही तोच. फायदा पुढच्या वाटेवर होतो. व्होल्ट दुप्पट झाले की तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलत असल्याने त्याच तारेत ती चौथाई होते. तारा आणि स्विच थंड राहतात. म्हणून मोठा ग्राइंडर, तोडफोडीचा हॅमर, चेनसॉ यांना ३६ पासून ६० व्होल्टपर्यंतचे प्लॅटफॉर्म शोभतात. ड्रिलसाठी तो खर्च मी अनाठायी मानतो. डिवॉल्टच्या २०१६ मधल्या फ्लेक्सव्होल्ट बॅटरीने मधला मार्ग काढला. तिचे पंधरा सेल १८ व्होल्टच्या हत्यारात पाच-पाचांच्या तीन रांगा होऊन चालतात, तर ५४ व्होल्टच्या हत्यारात एकाच रांगेत. हायकोकीच्या मल्टी व्होल्टमध्ये दहा सेलांची हीच युक्ती १८ आणि ३६ साठी आहे.

बाजारात ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे ठसठशीत छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या सर्रास मिळतात. त्यांच्या आतही सहसा पाच सेलांचीच जोडणी असते. छापलेला आकडा व्होल्टचा नसतोच. पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावला की २१ च्या आसपास वाचन येते आणि खुलासा होतो. दुसरी परीक्षा वजनकाट्याची. १८ बाय ६५ च्या सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम. दहा सेलांची म्हणून दिलेली बॅटरी कवचासकट ४०० ग्रॅमच भरली, तर दुसरी रांग आत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कारागिराची अशा लेबलाने होणारी फसवणूक ही साधी बाब नव्हे.

नाव आणि व्होल्ट जुळले म्हणजे बॅटरी जुळली असेही नाही. बॉशच्या निळ्या व्यावसायिक आणि हिरव्या घरगुती हत्यारांच्या १८ व्होल्ट बॅटऱ्या एकमेकींत बसत नाहीत. मकिताची १८ व्होल्टची ‘जी’ (G) मालिका वेगळी आणि एलएक्सटी वेगळी. ४० व्होल्ट मॅक्सची एक्सजीटी तिसरीच. उलट काही कंपन्यांनी मिळून एकच खाच ठेवली आहे. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ मध्ये झालेली कॅस ही युती आणि बॉशच्या १८ व्होल्टवर २०२२ मध्ये उभी राहिलेली ॲम्पशेअर ही त्याची उदाहरणे. एका घराण्याची बॅटरी दुसऱ्याच्या हत्याराला बसवून देणारे बाजारी ॲडॅप्टर टाळावेत. अतिडिस्चार्ज रोखणारी यंत्रणा काही घराण्यांत बॅटरीत असते, काहींत हत्यारात; ॲडॅप्टरने दोघांतला संवाद तुटला की सेल प्रमाणाबाहेर रिकामे होऊन मरतात.

कोल्हापुरात निवड कामाच्या जागेवरून केलेली बरी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंगचे फेटलिंग (ओतीव भागावरची जादा धातू घासून काढणे) पाळी संपेपर्यंत चालते. तिथे हवेवरचा किंवा वायरचा ग्राइंडरच योग्य. बॅटरीची गरज बाहेर पडणाऱ्याला. ऊसपट्ट्यात गुऱ्हाळघराचे पत्रे बसवणारा माणूस लोखंडी पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीवर) एक पाय रोवून, एका हाताने पत्रा दाबून सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारतो. त्याच्या मागे पन्नास फूट वायर लोंबत असणे हाच मोठा धोका. त्याला १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि खिशात पाच सेलांची हलकी बॅटरी पुरते. दहा सेलांची बॅटरी खाली कटरपाशी ठेवावी. कपाटात डोके घालून बिजागऱ्या बसवणाऱ्या सुताराला आणि इलेक्ट्रिशियनला १२ व्होल्ट मनगटाला सोसते. ग्रिल-शटरवाल्याने दहा सेलांच्या दोन बॅटऱ्यांचा हिशेब आधी धरावा, मग हत्यार निवडावे. गडहिंग्लज, गगनबावड्याकडच्या माणसाने जवळच्या सर्व्हिस सेंटरचे अंतरही मोजावे. नुसती बॉडी, म्हणजे बॅटरीविना हत्यार, स्वस्तात मिळते. बॅटरी आणि चार्जर महाग, म्हणून खरे भांडवल त्यांच्यात अडकते.

ग्राइंडरमधून काढलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. चांगला चार्जर ती गार होईपर्यंत थांबतो, स्वस्त चार्जर थांबेलच असे नाही. लांबच्या मुदतीसाठी ठेवायची तर निम्मी भरलेली ठेवावी. एखादा मेलेला सेल बदलून घेण्याचा मोह होतो, पण जुन्या रांगेत नवा सेल घातला की दोघांचे भरणे-उतरणे जुळत नाही आणि तीच बॅटरी पुन्हा दुरुस्तीला येते.

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांसारख्या पाण्यात बुडालेली बॅटरी वरून कोरडी दिसली तरी चार्ज करू नये. पट्ट्या आणि बोर्डावर बसलेला गाळ व गंज आतून शॉर्ट घडवतो आणि आग काही दिवसांनीही लागू शकते. अशा बॅटरीच्या टोकांवर टेप लावून ती घराबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी. भंगाराच्या पोत्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.