पापुदोचा पोरगा: चिलीच्या गुप्त पोलिसांतल्या एका शिपायाची पार्श्वभूमी

27 ऑगस्ट 1984 रोजी सान्तियागोमधल्या ‘काउसे’ या सरकारविरोधी नियतकालिकाच्या कचेरीत तिशीच्या आतला एक तरुण आला. पत्रकार मोनिका गोन्सालेस यांच्यासमोर त्याने हवाई दलाच्या गुप्तचर खात्याचं ओळखपत्र ठेवलं. आपण काय काय केलं आणि माणसं कशी नाहीशी केली, हे त्याला सांगायचं होतं. त्याचं नाव आंद्रेस व्हालेन्सुएला. खात्यात त्याला ‘पापुदो’ म्हणत, कारण तो त्या नावाच्या समुद्रकाठच्या गावाचा होता.

तोवर अकरा वर्षं चिलीतल्या आया, बायका, बहिणी कोर्टांचे उंबरे झिजवत होत्या. तुमचा माणूस आम्ही पकडलेलाच नाही, हे एकच उत्तर त्यांना सरकारकडून मिळे. माणूस उचलणारा, त्याला कोठडीत सांभाळणारा हात स्वतःहून पुढे येऊन नावं सांगतो आहे, असं पहिल्यांदाच घडत होतं. हा हात कसा तयार झाला ते समजून घ्यायला 1973 पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी 11 सप्टेंबरला लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. हवाई दलाच्या विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बॉम्ब टाकले आणि आयेंदे तिथेच मरण पावले. सत्ता घेतलेल्या चार दलांची, म्हणजे भूदल, नौदल, हवाई दल आणि काराबिनेरो पोलिसांची, गुप्तचर खाती वेगवेगळी होती. जून 1974 मध्ये त्यांत ‘दिना’ या नव्या गुप्त पोलीस संघटनेची भर पडली. तिचा प्रमुख कर्नल मानुएल कोन्त्रेरास थेट पिनोशेला, म्हणजे सत्ता घेतलेल्या लष्करी मंडळाच्या प्रमुखाला, जाब देई. दिना स्थापन करणाऱ्या हुकूमनाम्यातली तीन कलमं तर गुप्तच ठेवली गेली. दडपशाही म्हटलं की चिलीत आधी दिनाचंच नाव निघतं, पण व्हालेन्सुएला तिच्यात नव्हता. तो तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गोटातला.

1974 मध्ये तो सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला, तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याला हवाई दलाच्या युद्ध अकादमीत पहाऱ्यावर नेमलं गेलं. जिथे अधिकारी युद्धशास्त्र शिकत, त्याच इमारतीत आता डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले कैदी होते, आणि त्यांत हवाई दलाचीच माणसंही होती. जनरल आल्बेर्तो बाचेलेत यांचा छळ त्यांच्या कालच्या सहकाऱ्यांनी केला आणि मार्च 1974 मध्ये ते तुरुंगात वारले. पुढे त्यांचीच मुलगी मिशेल देशाची राष्ट्राध्यक्ष झाली. नव्या भरतीच्या पोराने इथे पहिला धडा घेतला तो हा, की जनरललाही सोडत नाहीत.

मला या माणसाच्या आयुष्यातला हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याने हे काम मागून घेतलं नव्हतं. त्याला कुणी विचारसरणीही शिकवली नव्हती. आधी फक्त पहारा, मग कैद्याला इकडून तिकडे नेणं, मग गाडीत बसून माणूस उचलायला जाणं, मग चौकशीच्या वेळी खोलीत हजर राहणं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला लागून होती आणि महिन्याचा पगार चालू होता. यामुळे त्याचा गुन्हा हलका होत नाही. पण अशी यंत्रणा उभी करायला राक्षस शोधावे लागत नाहीत, हे मात्र त्यातून स्वच्छ दिसतं.

1975 च्या अखेरीस हवाई दलाच्या पुढाकाराने एक संयुक्त तुकडी जमली. तिचं नाव ‘कोमांदो कोन्हुन्तो’. कम्युनिस्ट पक्ष आणि त्याची युवक संघटना मोडणं हे तिचं काम. तिच्या छुप्या कोठड्यांना ‘नीदो’, म्हणजे घरटं, म्हणत. साध्या वस्तीतल्या साध्या घरांत त्या चालत. ‘नीदो 20’ हे असंच एक घर, आज तिथे स्मारक आहे. शेजारी लोक राहत, मुलं रस्त्यावर खेळत आणि आत माणसांना विजेचे झटके दिले जात. व्हालेन्सुएलाच्या जबानीनुसार काही कैद्यांना हेलिकॉप्टरमधून समुद्रात टाकलं गेलं, काहींना सान्तियागोजवळच्या डोंगराळ भागात पुरलं गेलं.

हस्तकांचं आपसातलं जगणंही भीतीचंच होतं. एकमेकांना हाक मारायची ती टोपणनावाने. त्यांच्यात छळाखाली फुटून आलेले जुने कम्युनिस्टही होते. ‘फान्ता’ म्हणून ओळखला जाणारा मिगेल एस्ताय हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध. भरीला दिनाशी वैर. 1976 मध्ये गियेर्मो ब्राती हा हवाई दलाचा शिपाई आणि कारोल फ्लोरेस हा फुटून आलेला खबरी, हे दोघे दिनाला माहिती पुरवतात असा संशय आला. तुकडीने आपल्याच या दोन माणसांना संपवलं. ब्रातीला मारायला नेलं तेव्हा व्हालेन्सुएला सोबत होता. कालपर्यंत शेजारी बसून जेवलेल्या माणसाला नेताना, उद्या आपलीही पाळी येऊ शकते हे त्याला कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस तुकडी मोडली, पण व्हालेन्सुएलाची नोकरी सुरू राहिली. बोलायला त्याला आणखी आठ वर्षं लागली. दरम्यान मे 1983 पासून लोक लष्करी राजवटीविरुद्ध उघडपणे रस्त्यावर उतरू लागले होते.

मुलाखत झाल्यावर प्रश्न उभा राहिला तो त्याला जिवंत ठेवण्याचा. चर्चच्या आश्रयाने 1976 पासून पीडितांचं काम करणाऱ्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ने त्याला लपवलं आणि देशाबाहेर काढलं, तो फ्रान्सला पोहोचला. नोव्हेंबरमध्ये सरकारने ‘वेढ्याची स्थिती’, म्हणजे कडक आणीबाणी, जाहीर करून ‘काउसे’सारखी नियतकालिकं बंद पाडली, त्यामुळे मुलाखत आधी डिसेंबरमध्ये व्हेनेझुएलातल्या एका दैनिकात आली. चिलीतल्या वाचकांना ती 1985 मध्ये वाचायला मिळाली.

विकारियात त्या जबानीतली नावं आणि जागा आपल्या नोंदींशी ताडून पाहण्याचं काम होसे मानुएल पारादा करत होते. कितीतरी कुटुंबांना आपल्या माणसाचं पुढे काय झालं याचा पहिला धागा त्यातून मिळत होता. 29 मार्च 1985 च्या सकाळी पारादा आणि शिक्षकांचे नेते मानुएल गेर्रेरो यांना सान्तियागोतल्या एका शाळेच्या दारातून, मुलांच्या देखत उचलण्यात आलं. मध्ये पडलेल्या एका शिक्षकावर गोळी झाडली गेली. चित्रकार सान्तियागो नात्तिनो यांना आदल्या दिवशीच पळवलं होतं. 30 मार्चला तिघांचे गळे चिरलेले मृतदेह विमानतळाच्या बाजूच्या रस्त्याकडेला सापडले.

गेर्रेरो यांना 1976 मध्येही कोमांदो कोन्हुन्तोनेच पळवलं होतं. तेव्हा ते वाचले होते. या वेळी मारेकरी काराबिनेरोंच्या गुप्तचर शाखेचे होते, आणि त्यांच्याबरोबर मिगेल एस्ताय होता.

न्यायाधीश होसे कानोव्हास यांनी तपासाचा रोख काराबिनेरोंकडे वळवताच त्या दलाचा प्रमुख सेसार मेन्दोसा याला ऑगस्ट 1985 मध्ये लष्करी मंडळ सोडावं लागलं. कोमांदो कोन्हुन्तोचा तपास कार्लोस सेर्दा या न्यायाधीशांकडे होता. 1986 मध्ये त्यांनी 40 जणांवर आरोप ठेवले. लष्करी राजवटीच्या पहिल्या वर्षांतल्या गुन्ह्यांना माफी देणाऱ्या 1978 च्या कायद्याखाली खटला बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. सेर्दांनी नकार दिला आणि त्यांना दोन महिने निलंबित करण्यात आलं. एस्तायला जन्मठेप झाली ती लोकशाही परतल्यावर, 1994 मध्ये. ती शिक्षा भोगत असतानाच तो 2021 मध्ये मेला.