‘जेवलास का?’च्या पुढे

अमेरिकेतल्या मराठी घरांत कॉलेजात गेलेल्या मुलांशी बोलणं अडलं, की ‘जनरेशन गॅप’ म्हणून लोक मोकळे होतात. मला वाटतं, या अडण्याला एरोग्रामपासूनचा इतिहास आहे.

१९६५च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतरितांसाठीची देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली. त्यानंतर गेलेले डॉक्टर, इंजिनिअर घरच्यांशी निळ्या एरोग्रामवर बोलत. एकच घडीचा कागद, वर दिवसचे दिवस प्रवास. नोकरी गेल्याचं कळवलं, तर पुढचं पत्र येईपर्यंत आई झोपायची नाही. त्यापेक्षा ‘इकडे सर्व ठीक’ लिहिलेलं बरं. फोन महाग, आणि त्यातला निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का?’मध्येच जाई. वाईट ते गाळून सांगायची सवय तिथे मुरली.

मुलं शाळेत जाऊ लागली, तेव्हा ‘घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळेल’ असं कित्येकदा शिक्षकच सांगत. मराठी उरली स्वयंपाकघरापुरती: जेवलास का, स्वेटर घाल, किती पडले? १९८१मध्ये तिथल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, पुढे रविवारच्या मराठी शाळा आल्या, गणपतीत मुलं अथर्वशीर्ष घडाघडा म्हणू लागली. पण ‘मला मेडिकलला नाही जायचं’ हे आईला सांगायला अथर्वशीर्ष उपयोगी पडत नाही. आणि बाबांचं इंग्रजी ऑफिसातलं. त्यात मुलाला ‘घाबरलायस का रे?’ विचारणं जमत नाही.

१९९०च्या कायद्याने एच-वन-बी हा नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा आणला. त्यावर गेलेल्यांची बरीच मुलं आता विशीत आहेत. त्यांच्या घरी ‘किती पडले?’ही बंद होतं, कारण १९७४च्या एका कायद्याने कॉलेजातल्या निकालावरचा हक्क विद्यार्थ्याचा. फी बाबा भरतात, मार्क मात्र लेकीने सांगितले तर कळतात.

ग्रीन कार्डाचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं, तर त्याहून अवघड. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडवलेला, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची. मूल २१ वर्षांचं झालं, की आईबाबांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. हे घरात वर्षानुवर्षं ठाऊक असतं, पण ‘तू अभ्यासाकडे बघ, बाकीचं आम्ही बघतो’ एवढंच मुलाच्या कानावर येतं. मग कॉलेजचा अर्ज भरताना नागरिकत्वाच्या रकान्याशी ते थांबतं आणि खोलीतूनच ओरडून विचारतं, ‘आई, इथे काय लिहू?’