टेरिटोरियल आर्मी : सिग्नल्सची आशा, आणि अर्ज अडतो तो उत्पन्नाच्या कागदावर

टेलिकॉममधले इंजिनिअर हमखास विचारतात, "टेरिटोरियलमधून सिग्नल्समध्ये जाता येईल का?" टेरिटोरियल आर्मी म्हणजे आपली नोकरी-धंदा सांभाळून करायची अर्धवेळ सैनिकी सेवा, आणि सिग्नल्स म्हणजे सैन्याची संदेशवहन शाखा. प्रश्न अगदीच हवेतला नाही. 1949 मध्ये टेरिटोरियल आर्मी उभी राहिली तेव्हा तिच्यात पायदळाबरोबर तोफखाना, वैद्यकीय तुकड्या आणि सिग्नल रेजिमेंटही होती. 1972 पर्यंत पायदळ सोडून यातल्या बहुतेक तुकड्या बरखास्त झाल्या किंवा नियमित सेनेत गेल्या. टोपीवरचा पंखवाला मर्क्युरी आणि 'तीव्र चौकस' हे ब्रीद नियमित सिग्नल कोरकडे राहिलं. टेरिटोरियलचं ब्रीद वेगळं, 'सावधानी व शूरता'. नागरिकांतून निवडलेला अधिकारी आज बहुधा पायदळाच्याच बटालियनमध्ये जातो. पुण्याची 101 किंवा कोल्हापूरची 109 मिळाली, तर बिल्ला मराठा लाइट इन्फंट्रीचा. हे पटत असेल तरच पुढे वाचा.

अधिकारीपदासाठी पात्रता थोडक्यात: भारतीय नागरिक, पदवीधर, वय 18 ते 42, शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त. वय मोजतात ते जाहिरातीत दिलेल्या तारखेला, आणि ती बहुधा अर्जाची शेवटची तारीख असते. "फॉर्म भरला तेव्हा बेचाळीस पुरे व्हायचे होते" हे कुणी ऐकून घेत नाही. पदवीही हातात हवी. शेवटच्या वर्षाला असणं चालत नाही.

खरी गोची आहे कमावता असण्याच्या अटीची. हे अर्धवेळ सैनिकत्व आहे, त्यामुळे तुमची स्वतःची रोजीरोटी आधीपासून असलीच पाहिजे. नोकरदाराला संस्थाप्रमुखाच्या सहीचा सेवा दाखला आणि पगाराची पावती लागते. ऑफर लेटर म्हणजे सेवा दाखला नव्हे, कितीही सुबक छापलेलं असो! सरकारी-निमसरकारी नोकरांनी ना-हरकत प्रमाणपत्राची मागणी जाहिरात निघण्याआधीच टाकून ठेवावी. फाइल साहेबांच्या टेबलावर किती दिवस मुक्काम करेल ते साहेबही सांगू शकत नाहीत.

स्वतःचा धंदा असेल तर स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्यात कामाचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न लिहायचं, नोटरी किंवा दंडाधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचं, सोबत पॅन आणि उत्पन्नाचा पुरावा जोडायचा. नुसतं "स्वयंरोजगार करतो" एवढं मोघम लिहू नका. 'मोबाइल टॉवर देखभालीची कंत्राटं' असं नेमकं लिहा, आणि प्रतिज्ञापत्रातला आकडा आयकर विवरणपत्राशी जुळवून बघा. दोन कागदांवर दोन उत्पन्नं दिसली, तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार, आणि तो रास्तच आहे.

नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरा. अर्ज ऑनलाइन असतो; शुल्क परत मिळत नाही. पुढे लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, एसएसबी (सैन्याच्या सेवा निवड मंडळाची चाचणी), वैद्यकीय तपासणी. सैन्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांचा मार्ग वेगळा, आणि जवानांच्या भरती मेळाव्याचा या अर्जाशी संबंध नाही.

2025 च्या जाहिरातीत जागा होत्या अवघ्या 19, त्यातली महिलांसाठी एक. म्हणून नोकरी सोडून तयारीला बसण्याचा बेत कुणी करत असेल, तर त्याला वेळीच आवरा: नोकरी सुटली की पात्रताच जाते. निवड झाल्यावरही वर्षातले साधारण दोन महिने प्रशिक्षण असतं, आणि पगार गणवेशात बोलावलेल्या काळापुरताच मिळतो. पेन्शनची हमी नाही. ती अशा प्रत्यक्ष सेवेच्या काळावर ठरते.